यवतमाळच्या नळाचं पाणी आणि माणसाचं ट्रिप्सिन

शिशी रिकामी आहे, असंच आमच्या विभागाचं एकमत झालं. थर्माकोलचा एवढा मोठा खोका, आत बर्फाच्या पिशव्या, पिशव्यांमध्ये गुंडाळलेली प्लास्टिकची डबी, डबीत करंगळीच्या पेराएवढी काचेची शिशी, आणि शिशीत डोळ्यांना दिसेल असं काहीच नाही. विभागप्रमुखांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, चष्मा कपाळावर चढवून पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हाले फसवलं कंपनीनं."

"सर, आधी ती खाली ठेवा. हाताची ऊब लागते तिला."

मी ओरडलेच. प्रमुखांवर असं कोणी ओरडत नसतं. पण राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो आणि ती शिशी मिळवायला मी किती दारं ठोठावली होती ते मलाच ठाऊक. शिशीच्या तळाला बारीकसा पांढुरका पापुद्रा होता. तेच माणसाचं ट्रिप्सिन.

ट्रिप्सिन म्हणजे आपल्या पोटात डाळीतली, अंड्यातली प्रथिनं कापणारं एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. पूर्वी ते गाईडुकरांच्या स्वादुपिंडातून काढायचे. माझ्या शिशीतलं मात्र कुठल्याही पोटातून आलेलं नव्हतं. माणसाच्या जनुकाची नक्कल जिवाणूंमध्ये घालायची आणि त्यांच्याकडून हुबेहूब माणसाचं एन्झाइम बनवून घ्यायचं, अशी ती करामत होती. हे मी विभागात चांगलं समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या फ्रीजमधले झाडून सगळे जेवणाचे डबे गायब. माणसाच्या पोटातलं काहीतरी आपल्या भाजीशेजारी ठेवलंय, एवढंच लोकांच्या डोक्यात राहिलं होतं. डबे हलवा म्हणून मी सूचना लावून थकले होते. शिशीने एका दिवसात काम केलं. मी मुद्दाम कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

मी तेव्हा यवतमाळच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवत होते आणि शिकवता शिकवता पीएच.डी. करत होते. कापसाची ती वर्षं फार वाईट होती. फवारणी करून माणूस घरी यायचा आणि सकाळी बोंडात अळी जशीच्या तशी बसलेली दिसायची. चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, जिथे जावं तिथे बोंडअळीचाच विषय. माझं माहेर मुकुटबनचं. शेत आमचं नव्हतं. आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची, म्हणजे अळीशी तिची ओळख माझ्यापेक्षा जुनी.

आमच्या त्या बाजूच्या टेकड्यांवर रानतूर वाढते. तिच्या बियांना ही अळी सहसा तोंड लावत नाही. का, तर त्या बियांमध्ये एक पदार्थ असतो, तो अळीच्या पोटातलं प्रथिनं कापणारं एन्झाइम अडवतो. खाल्लेलं पचतच नाही. हा पदार्थ बियांतून काढायचा आणि तो अळीला नेमका कसा अडवतो ते दाखवायचं, हा माझा विषय. पुढे कधी कोणी तो गुण कपाशीच्या झाडात आणू शकेल, अशी लांबची आशा. ती आशा माझ्या हयातीत पुरी होईल असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं, पण पहिली पायरी आपल्या हातची असावी असं फार वाटायचं.

काम चांगलं चाललं होतं. मग प्रगतीच्या बैठकीत एका परीक्षकांनी विचारलं, "अळीचं पचन थांबतं, छान. माणसाचं थांबलं तर? सरकीचं तेल माणसंच खातात ना?"

प्रश्न रास्त होता. माणसाचं एन्झाइम माझ्या अर्काने अडलं, तर सगळं काम कचऱ्यात. नाही अडलं, तर काम पक्कं. गाईच्या एन्झाइमवर भागणार नव्हतं, माणसाचंच हवं होतं. म्हणून ती शिशी.

प्रयोग सांगायला सोपा आहे. एक रंगहीन पदार्थ असतो. ट्रिप्सिन त्याला कापतं तसा तो पिवळा होत जातो. नळी पिवळी झाली म्हणजे एन्झाइम काम करतंय. पांढरी राहिली म्हणजे एन्झाइम अडलं किंवा मेलं. एका नळीत अळीच्या पोटातलं एन्झाइम आणि रानतुरीचा अर्क, दुसरीत माणसाचं एन्झाइम आणि तोच अर्क. मला हवी होती पहिली पांढरी आणि दुसरी पिवळी. माझ्या सगळ्या वर्षांचा निकाल या दोन रंगांवर होता.

अळ्या आई आणायची. पहिल्यांदा तिने त्या एकाच डब्यात भरून आणल्या. डबा उघडला तर आत थोड्याच, पण टम्म फुगलेल्या. बाकीच्या प्रवासात एकमेकींनी खाऊन टाकल्या होत्या.

"अवं, येवढ्या भरल्या होत्या मी," आई डब्यात बघत म्हणाली. "कुठं गेल्या?"

"एकमेकींच्या पोटात."

"मंग बरंच झालं की. वावरात काहून नाई करत अशा?"

त्यानंतर ती एकेक अळी एकेका रिकाम्या माचिसमध्ये घालून आणू लागली. तिच्या पिशवीत माचिसच माचिस. एकदा एसटीत शेजारच्या माणसाने बिडीसाठी माचिस मागितली आणि हिने बोलता बोलता चुकून त्यातलीच दिली. पुढचं सगळं आईने मला हसत हसत, डोळे पुसत सांगितलं. तो बिचारा अर्ध्या वाटेत, पांढरकवड्यालाच उतरला.

आता शिशीचं. असलं एन्झाइम हाताळायची एक रीत असते. शिशी उघडण्याआधी तिला गरागरा फिरवून सगळी पावडर तळाला आणायची, नाहीतर झाकणाला चिकटलेली भुकटी झाकणासोबत जाते. मग थंडगार, किंचित आंबट पाण्यात विरघळवायची. ट्रिप्सिन आंबटात झोपून राहतं. जागं झालं आणि कापायला दुसरं काही मिळालं नाही, तर ते स्वतःलाच कापत बसतं. तसल्या स्वभावाची माणसंही मला माहीत आहेत. मग त्या द्रावणाचे चिमुकले भाग करून वेगवेगळ्या बारक्या नळ्यांत गोठवायचे. एक भाग वितळवला की त्याच दिवशी वापरायचा. परत गोठवायचा नाही.

हे सगळं मी पोथी वाचावी तसं केलं. लोडशेडिंग म्हणजे तेव्हा अर्धा दिवस अंधार, म्हणून लोहाऱ्याच्या बर्फाच्या कारखान्यातून बर्फ आणून, त्यात मीठ कालवून, थर्मासमध्ये त्या नळ्या ठेवायची सोय केली. एप्रिल लागला होता. प्रयोग सदतीस अंशांवर करायचा असतो. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळा त्यासाठी पाणी गरम करतात. आम्हाला तेवढं उतरवण्यासाठी पाण्यात बर्फ टाकावा लागायचा.

आणि पहिलाच प्रयोग कोसळला.

माणसाचं एन्झाइम आणि अर्क घातलेली नळी पांढरीच राहिली. म्हणजे अर्क माणसालाही अडवतो! संपलंच की सगळं. मग बाजूच्या नळीकडे लक्ष गेलं. तिच्यात अर्क नव्हताच, नुसतं एन्झाइम होतं. ती पिवळीजर्द व्हायला हवी होती. तीही जेमतेम पिवळसर होऊन थांबली होती. म्हणजे अर्काचा काही दोष नव्हता. एन्झाइम स्वतःच मरत होतं.

दुसरा भाग वितळवला. तेच. तिसरा. तेच. अळीचं एन्झाइम मात्र त्याच नळ्यांत, त्याच पाण्यात, त्याच हातांनी झक्क पिवळं होत होतं. मला त्या अळीचा इतका राग आला, जितका कपाशीवाल्यांनाही कधी आला नसेल.

माझे मार्गदर्शक सर दूरच्या मोठ्या शहरात असत. फोनवर मी सांगितलं. ते माणूस म्हणून चांगले होते, पण आमच्या गावाबद्दल त्यांचं मत आधीच ठरलेलं होतं.

"अहो, तुमच्याकडचा उन्हाळा, तुमच्याकडची वीज. एन्झाइम टिकणार कसं? मेलं ते. किती भाग उरलेत?"

"दोन, सर."

"ते काही आता वाया घालवू नका. परीक्षेच्या कामाला मी पुढच्या महिन्यात यवतमाळला येतोच आहे. येताना बर्फाचा डबा आणतो, एक भाग माझ्याकडे द्या. माझ्याकडे एक हुशार मुलगी आहे, ती माणसाच्या एन्झाइमचा भाग करून टाकेल. तेवढा भाग तिच्या नावावर जाईल, बाकी तुमचंच."

बाकी तुमचंच! म्हणजे जन्मभर अळ्या मी फाडायच्या, आणि ज्या एका प्रश्नावर सगळं उभं होतं त्याचं उत्तर दुसरीच देणार. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण तोंडातून "बरं सर" एवढंच निघालं. फोन ठेवल्यावर मी त्या टेलिफोनच्या डबड्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग रडले. रागाने रडू येतं मला, दुःखाने कमी.

त्या दिवसांत कशालाही लोडशेडिंगच जबाबदार असायचं. दूध नासलं, लोडशेडिंग. पोरगं नापास झालं, लोडशेडिंग. विभागातही सगळ्यांनी तोच निकाल दिला होता. पण माझा थर्मास कधी वितळला नव्हता. मी रोज हात घालून बघत होते. आणि गरमी म्हणावी तर पाण्याचं तापमान मी स्वतः सांभाळत होते. दोषी सापडत नव्हता आणि दिवस सरत होते.

सर यायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मी शेवटून दुसरा भाग वितळायला बर्फावर काढून ठेवला. आणखी एकदा करून बघायचंच, असं ठरवलं होतं. मग नळ्या घ्यायला कपाटाशी गेले तर रॅक रिकामा. बीएस्सीच्या मुलांनी सगळ्या नळ्या वापरून बेसिनमध्ये टाकलेल्या. काचेची भांडी धुणारे आमचे काका, प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने कर्मचारी, मुलीच्या बाळंतपणासाठी ढाणकीला गेलेले. वीज गेलेली, म्हणजे डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र बंद. कॅनमध्ये डिस्टिल्ड पाणी होतं ते द्रावणांपुरतंच. आणि वितळलेला भाग काही थांबणार नव्हता.

मी पदर खोचला आणि नळाखाली नळ्या घासायला बसले. नळाच्या पाण्याने! असं कोणी करत नाही. आमच्या नळाला येणारं पाणी म्हणजे नुसता क्षार. तांब्यात ओतलं की तांब्याला पांढरं बूड येतं, हंड्याला वर्षभरात कवच धरतं. मी आपली चडफडत घासत होते, काकांना शिव्या देत होते, त्यांच्या लेकीला नाही, ती बिचारी काय करणार. नळ्या व्हरांड्यातल्या उन्हात उलट्या ठेवल्या. उन्हाने घटकेत वाळल्या आणि प्रत्येकीवर पांढरे ठिपके उमटले. कुठल्याही प्राध्यापकाने मला त्या नळ्यांसाठी वर्गाबाहेर काढलं असतं.

त्याच नळ्यांत मी प्रयोग लावला. आशा काही नव्हती.

आणि नळ्या पिवळ्या झाल्या.

जेमतेम नाही, पिवळ्याजर्द. आधी मला वाटलं, काहीतरी चुकलं, तो पदार्थच आपोआप पिवळा पडला असेल. पण जिच्यात एन्झाइम घातलंच नव्हतं ती नळी पाण्यासारखी स्वच्छ होती. मी रॅक उचलून उन्हात नेला. पिवळ्याच! माझ्या तोंडून जो काही आवाज निघाला, तो ऐकून शेजारच्या वनस्पतिशास्त्राच्या खोलीतून दोघी धावत आल्या. त्यांना वाटलं, मॅडमना शॉक लागला.

आनंद ओसरला तसं डोकं चालू लागलं. आज काय वेगळं होतं? एन्झाइम तेच, मी तीच, उन्हाळा तोच. वेगळ्या होत्या त्या नुसत्या नळ्या. वितळलेल्या भागातलं थोडं अजून बर्फावर उरलं होतं. माझ्या खणात काकांनी धुतलेल्या, लखलखीत अशा काही जुन्या नळ्या होत्या. त्या काढल्या. एका बाजूला त्या, एका बाजूला माझ्या डागाळलेल्या. दोन्हींत सगळं सारखं घातलं. स्वच्छ नळ्यांत पिवळा रंग चढता चढता थांबला. डागाळलेल्यांत चढत गेला.

मी बेसिनपाशी गेले आणि खाली वाकून काकांचा टब बाहेर ओढला. निळा प्लास्टिकचा टब, वर फडकं झाकलेलं. त्यात काय असतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कधी कोणी त्यावर विचार केला नव्हता, एवढंच.

आमच्याकडे पाणी असं क्षाराचं, म्हणून पाण्याचा जडपणा मोजायचं प्रात्यक्षिक दर वर्षी सगळ्यांना असतं. त्यात इडीटीए नावाचं द्रावण लागतं. पाण्यातलं कॅल्शियम ते पकडतं आणि सोडत नाही. मुलांचं झालं की द्रावण बरंच उरतं. फेकायचं कशाला, म्हणून ते टबात. मग सगळी काचेची भांडी रात्रभर त्यात बुडवायची. क्षाराचा पांढरा थर पार निघून जातो, काच नव्यासारखी चमकते. आमच्या विभागाची ती जुनी पद्धत. कोणी सुरू केली देव जाणे. बाहेरून येणारे परीक्षक आमच्या भांड्यांचं कौतुक करून जात. डिस्टिल्ड पाणी महाग, म्हणून शेवटी त्यात एकदाच विसळायचं. म्हणजे प्रत्येक नळीवरून इडीटीएचा अदृश्य हात फिरलेला.

आणि माणसाच्या ट्रिप्सिनला कॅल्शियम लागतं. जगायलाच लागतं. कॅल्शियम असेल तर ते घट्ट, शाबूत राहतं. नसेल तर सैल पडतं आणि स्वतःलाच कापून खातं. शिशीसोबत आलेल्या माहितीत कॅल्शियम घाला असं होतं, मी इमानदारीने चिमूटभर घालतही होते. ती चिमूट नळीला लागलेला इडीटीए गिळून टाकत होता. अळीच्या एन्झाइमला कॅल्शियमची काही पडलेली नसते, म्हणून ते मजेत होतं. आणि गाईचं ट्रिप्सिन आम्ही इतकी वर्षं चमच्याने घ्यायचो, त्यातलं थोडं मेलं काय आणि जगलं काय, कोणाला कळणार? माणसाचं एन्झाइम कणभर होतं, म्हणून त्याचं मरण दिसलं.

खातरी करायला मी काकांच्या लखलखीत नळ्यांत कॅल्शियम जास्तीचं घातलं. पिवळ्या झाल्या.

मी स्टुलावर बसले आणि एकटीच हसत सुटले. ज्या पाण्याला अख्खं यवतमाळ उठता-बसता शिव्या देतं, त्याने माझं एन्झाइम वाचवलं होतं. आणि जी स्वच्छता आम्ही मिरवत होतो, तिने त्याचा जीव घेतला होता. मोठ्या शहरात ही चूक झालीच नसती, कारण तिथे कोणाला काचेवरचा क्षार काढायचा नसतो. ती फक्त आम्हीच करू शकत होतो, आणि शोधूनही आम्हीच काढली.

काका परत आल्यावर त्यांना सांगणं हे माणसाच्या एन्झाइमपेक्षा नाजूक काम होतं. मी नातवाची चौकशी केली, पेढा खाल्ला आणि मग हळूच विषय काढला. त्यांचा चेहरा पडला.

"म्हंजे मी इतके वर्षं भांडे धुतले ते चुकीचे?"

"नाही काका, भांडी छानच. फक्त हे एन्झाइम फार नाटकी आहे."

"मंग आता काय, घाण भांडे देऊ तुमाले?" ते चांगलेच चिडले होते. "लोकं काय म्हनतीन?"

शेवटी तोड निघाली. माझ्या नळ्या वेगळ्या, टबात जाणारच नाहीत. साबणाने धुवायच्या आणि डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुन्हा विसळायच्या. काकांनी मान्य केलं, पण पुढचे दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

एक भाग उरला होता. खऱ्या प्रश्नाचं उत्तर, अर्क माणसाला अडवतो की नाही, ते अजून कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. एकटीने करून बघायचा मोह फार झाला. पण मी तो आवरला आणि सरांना फोन लावला.

"सर, तो भाग मी देणार नाही. तुम्ही आल्यावर तुमच्यासमोरच करते."

सर म्हणाले, "आणि मेला तर?"

"मेला तर डबा घेऊन रिकामे जा. पण मरणार नाही."

हे बोलून झाल्यावर माझी पाचावर धारण बसली. एन्झाइम मरणार नाही, हे मी छातीठोक सांगू शकत होते. अर्क त्याला अडवणार नाही, हे कोण सांगणार होतं?

सर आले त्या दिवशी सकाळीच आई ताज्या अळ्या घेऊन आली होती. विभागात बातमी पसरली होतीच. प्रमुख आले, वनस्पतिशास्त्रवाल्या आल्या, काका दारात हाताची घडी घालून उभे राहिले. आई कोपऱ्यातल्या स्टुलावर, मांडीवर माचिसांची पिशवी. सरांनी आपला बर्फाचा डबा टेबलावर ठेवला आणि नळ्यांकडे बघून विचारलं, "या धुतल्यात कोणी?"

"मी धुतल्या," दारातून काका म्हणाले. "काई खोट काढून दाखवा."

मी शेवटचा भाग वितळवला. श्वास धरूनच थेंब सोडले. पहिली नळी, अळीचं एन्झाइम आणि अर्क. दुसरी, माणसाचं एन्झाइम आणि तोच अर्क, तेवढाच. बाजूला अर्क नसलेल्या दोन नळ्या, आणि एन्झाइमच नसलेली एक. सगळ्या पातेल्यातल्या पाण्यात उतरवल्या. आणि वीज गेली.

रंग मोजायचं यंत्र बंद पडलं. सर म्हणाले, "बघा, हेच म्हणतो मी."

"सर, पिवळं बघायला वीज कशाला लागते?" मी म्हटलं. पाणी आपलं आपण सदतीसवर राहील एवढी गरमी आमच्याकडे फुकट होती. मी अख्खं पातेलं नळ्यांसकट उचललं आणि व्हरांड्याच्या कडेला नेऊन ठेवलं, मागे पांढरा कागद धरला. सगळे माझ्यामागे. भर दुपारचा उजेड, त्याच्यापुढे कुठलं यंत्र टिकणार?

अर्क नसलेल्या दोन्ही नळ्या आधी पिवळ्या झाल्या. माणसाचं एन्झाइम जिवंत होतं. सरांनी चष्मा काढून पुसला आणि ते खाली वाकले.

अळीची, अर्क घातलेली नळी पांढरी. पांढरीच.

शेवटची नळी. माझं सगळं आयुष्य त्या नळीत उभं आहे असं मला वाटत होतं. मी तिच्याकडे बघत होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मग तिच्यात काहीतरी हललं. आधी वाटलं, उन्हाची तिरीप असेल. मग खरोखर पिवळसर. मग पिवळी. शेजारणीपेक्षा किंचित फिकी, तेवढं कबूल करायला हवं. अर्क थोडासा जाणवला होता तिला. पण पिवळी होती, आणि चढत होती.

"झाली!" प्रमुखच ओरडले. वनस्पतिशास्त्रवालीने माझ्या खांद्यावर इतक्या जोरात थाप मारली की मी पातेल्यात पडता पडता वाचले. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

आई गर्दीतून पुढे आली. "काय झालं वं? कोन जितलं?"

"अळी हरली, आई. माणसाला काही होत नाही."

"खरं सांगून राह्यली?" ती नळ्यांवर वाकली. अळीची पांढरी नळी तिने बोटाने दाखवली. "हे उपाशी मरन?"

"हो."

"बेस झालं," ती म्हणाली, आणि एवढ्या मोठ्या सरांसमोर तिने पातेल्यातल्या पाण्याने बोटं ओली करून माझ्या गालावरून कडाकडा मोडली.

सर अजून वाकलेलेच होते. मी त्यांना टबाची, नळाची, डागांची सगळी हकीकत सांगितली. मग ते सरळ झाले आणि आपला बर्फाचा डबा त्यांनी पायाने जरा बाजूला सारला.

"माणसाच्या एन्झाइमचा भाग तुमच्याच नावावर," ते म्हणाले. "पुढची शिशी सरळ इथल्या पत्त्यावर मागवू." मग घसा साफ करून म्हणाले, "आणि माझ्याकडची ती मुलगी, तिला पाठवतो. आठवडाभर ठेवून घ्या. तुमच्या हाताखाली शिकेल."

इतके दिवस जी माझ्या छातीवर बसली होती, ती आता माझ्या हाताखाली शिकायला येणार होती. मी डोळे पुसले, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि म्हटलं, "पाठवा सर. पण एन्झाइमला हात ती दुसऱ्या दिवशी लावेल. पहिला दिवस काकांकडे, नळ्या धुवायला."